परदेशात इंग्रजी शिकवण्याच्या दोन नोकऱ्या हातात असतील तर निवड कशी करावी

२०२५ च्या जानेवारीत सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर दोन ऑफर लेटर शेजारी शेजारी पडली होती. एक शारजातील सीबीएसई अभ्यासक्रमाच्या शाळेचे होते, महिना ४,५०० दिरहाम. दुसरे थायलंडमधील खोन केन शहरातल्या एका खासगी शाळेचे, महिना ३०,००० बाट. माझ्या दाजींनी मोबाईलवर गुणाकार केला. दिरहाम २३ रुपये धरला तर एक लाख साडेतीन हजार, बाट अडीच रुपये धरला तर पंचाहत्तर हजार. "यात विचार करण्यासारखे काय आहे? शारजा घे," असे म्हणून ते पान लावायला उठले. तीन आठवड्यांनी मी सही केली ती थायलंडच्या करारावर.

थायलंड शारजापेक्षा चांगले आहे, असे मला म्हणायचे नाही. डोक्यावर घराचे कर्ज असते तर मीही कदाचित शारजाच घेतले असते. मात्र आठ वर्षांपूर्वी आखातातल्या एका शाळेचा करार मी पगाराचा आकडा पाहून एका संध्याकाळी सही करून पाठवला होता, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीचा पगार मिळत नाही ही गोष्ट मला तिथे पोचल्यावर, स्टाफरूममध्ये, केरळच्या एका सहकारी बाईंकडून कळली होती. तो करार मी आजही जपून ठेवला आहे. त्यात ती अट स्पष्ट लिहिलेली होती, मीच वाचली नव्हती. म्हणून या वेळी दोन्ही कागद कसे वाचले, कोणत्या क्रमाने वाचले, ते येथे लिहीत आहे. तुमच्या हातात दुसऱ्या देशांचे कागद असतील, तर नियम त्या देशांचे शोधा, पण प्रश्न हेच विचारा.

१. ही नोकरी भारतीय पासपोर्टवर होऊ शकते का, ते सर्वांत आधी पाहा

पगाराकडे वळण्याआधी व्हिसा पाहावा, कारण इंग्रजी शिकवण्याच्या क्षेत्रात पात्रतेइतकेच राष्ट्रीयत्वही मोजले जाते. दक्षिण कोरियाचा भाषाशिक्षकांसाठीचा ई-टू व्हिसा इंग्रजीसाठी प्रामुख्याने अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांना मिळतो. भारतीय शिक्षकांसाठी दोन देशांतील आर्थिक करारातून एक अरुंद वाट आहे, तीही शिक्षकाचा परवाना असणाऱ्यांनाच. त्यामुळे तिथल्या एखाद्या खासगी क्लासने तुम्हाला सरसकट ऑफर दिली असेल, तर आधी व्हिसाचा प्रकार विचारा.

थायलंडमध्ये नोकरीसाठीचा नॉन-इमिग्रंट बी व्हिसा, त्यानंतर वर्क परमिट आणि शिक्षक परिषदेकडून शाळेमार्फत घेतलेली परवानगी अशा तीन गोष्टी लागतात. इंग्रजी ही ज्यांची मातृभाषा नाही, त्यांना टोइकसारख्या इंग्रजीच्या परीक्षेचा निकालही द्यावा लागतो. शारजा ज्या देशात आहे त्या संयुक्त अरब अमिरातीत प्रवेशाचा परवाना नोकरी देणारी संस्थाच काढते आणि तिथे गेल्यावर वैद्यकीय तपासणी होते. त्या तपासणीत छातीचा एक्स-रे असतो, म्हणून कधीकाळी क्षयरोग होऊन गेला असेल तर निघण्याआधीच आपल्या डॉक्टरांशी बोलून घ्या.

दोन्ही देशांच्या बाबतीत सापळा एकच आहे: "आत्ता टुरिस्ट व्हिसावर या, नंतर बदलून देऊ." असे लिहून देणारी ऑफर मी बाजूला ठेवते, मग पगार कितीही असो. टुरिस्ट म्हणून शिकवणारा माणूस बेकायदा काम करत असतो आणि पगार थकला तर त्याला तक्रारीलाही तोंड उरत नाही. थायलंडच्या नावाने दिलेल्या खोट्या नोकऱ्यांतून भारतीय तरुणांना सीमेपलीकडे म्यानमारमधल्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर नेल्याचे प्रकार घडले आहेत आणि परराष्ट्र मंत्रालयाने २०२२ मध्ये त्याबाबत जाहीर सावधानताही दिली होती. शाळेचा पत्ता नकाशावर पाहा, शाळेच्या लँडलाइनवर स्वतः फोन करा आणि मुख्याध्यापकांशी व्हिडिओवर बोलताना मागे वर्ग दिसतो का, तेही पाहा.

२. मध्ये एजंट असेल तर त्याचा परवाना तपासा

परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटाकडे १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखालील नोंदणी असावी लागते आणि ती ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर तपासता येते. नोंदणीकृत एजंटाला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरील जीएसटी एवढेच सेवाशुल्क घेता येते. माझ्याकडे एकाने शारजाच्या कामाचे दीड लाख मागितले होते आणि पावती मागितल्यावर "ताई, विश्वासावर चालतं हे" असे उत्तर दिले होते. शाळेला थेट ईमेल केल्यावर कळले, की शाळा उमेदवाराकडून एक पैसाही घेत नाही. अमिरातीच्या कायद्यातही भरतीचा खर्च कामगाराकडून वसूल करण्यास मनाई आहे.

३. पगार फोडून वर्षाचा हिशेब करा

येथे मात्र घाई करू नका. एक कोरी वही घ्या, समोरासमोरची दोन पाने दोन नोकऱ्यांना द्या आणि महिन्याऐवजी वर्षाचा हिशेब मांडा.

पहिला प्रश्न असा, की पगारातला मूळ भाग, म्हणजे बेसिक, किती आहे? शारजाच्या ४,५०० दिरहामांपैकी बेसिक फक्त २,००० होते, बाकीचे घरभाडे, प्रवास आणि "इतर भत्ता" होता. हातात येणारी रक्कम तीच असते, म्हणून अनेकांना यात काही वावगे दिसत नाही. परंतु अमिरातीत नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी बेसिकवर मोजली जाते: पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षामागे २१ दिवसांचे बेसिक. २,००० दिरहाम बेसिकवर ती वर्षाला १,४०० दिरहाम होते आणि पूर्ण ४,५०० वर धरली असती तर ३,१५० झाली असती. शिवाय एक वर्ष पूर्ण होण्याआधी सोडल्यास ती मुळीच मिळत नाही. अकराव्या महिन्यात कंटाळून परतणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे.

दुसरा प्रश्न, पगार किती महिन्यांचा आहे? थायलंडचे शैक्षणिक वर्ष मेच्या मध्यापासून मार्चपर्यंत चालते आणि मध्ये ऑक्टोबरची सुट्टी असते. माझ्या थायलंडच्या कराराच्या पहिल्या मसुद्यात पगार दहाच महिन्यांचा होता आणि ते वाक्य "पगार" या मथळ्याखाली नव्हते, तर "सुट्ट्या" या मथळ्याखाली होते. खोलीचे भाडे मात्र बाराही महिने द्यावे लागते. मी पत्र लिहून विचारल्यावर शाळेने आणखी एक महिना वाढवून अकरा महिने केले.

आता खर्च. हे आकडे माझे आहेत, तिथे आधीपासून राहणाऱ्या दोघा-तिघांना विचारून काढलेले. शारजात दोघींत मिळून खोली, जेवण, बस आणि फोन असा महिना २,७०० दिरहाम धरला. शिल्लक महिन्याला १,८००, वर्षाला २१,६००, म्हणजे सुमारे चार लाख सत्त्याण्णव हजार रुपये. खोन केनमध्ये स्वतंत्र खोलीसह महिना १५,००० बाट पुरतात. अकरा महिन्यांचा पगार ३,३०,००० बाट, त्यातून बारा महिन्यांचा खर्च १,८०,००० वजा केला की १,५०,००० बाट उरतात, म्हणजे पावणेचार लाख रुपये. अमिरातीत पगारावर आयकर नाही. थायलंडमध्ये आहे, परंतु वजावटी धरून पहिल्या दीड लाख बाटांवर कर नसल्याने माझ्या पगारावर वर्षाला जेमतेम हजार बाट बसतात. तेवढ्यासाठी निर्णय फिरवण्याचे कारण नाही.

थोडक्यात, कागदावर महिन्याला अठ्ठावीस हजारांचा दिसणारा फरक वर्षाच्या शेवटी सव्वा लाखाच्या आसपास आला. शारजा अजूनही पुढेच होते. तरीही सव्वा लाख सोडायचे की नाही, हा प्रश्न विचारता येण्याजोगा झाला होता, आणि महिन्याच्या आकड्याकडे पाहत बसले असते तर तो माझ्या मनातही आला नसता. चलनाचेही पाहून ठेवा. दिरहाम डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे, म्हणून रुपया डॉलरपुढे घसरला की दिरहामही महागतो. बाट मात्र स्वतःच्या चालीने वरखाली होतो. घरी दरमहा ठरावीक हप्ता पाठवायचा असेल, तर दिरहाम अधिक भरवशाचा.

४. तास मोजा, आणि तासांच्या मधल्या जागाही

शारजाच्या कागदावर "पूर्णवेळ" एवढाच शब्द होता. विचारल्यावर आठवड्याला तीस तासिका, शिवाय गैरहजर शिक्षकांचे तास, बसची ड्युटी आणि गरज पडल्यास सामाजिक शास्त्राचा विषय, असे तोंडी उत्तर मिळाले. थायलंडच्या शाळेने आठवड्याला ५० मिनिटांच्या बावीस तासिका आणि आठवड्यातून एक दिवस सकाळी फाटकावर उभे राहणे, असे लिहून दिले. ज्यांनी आपल्याकडच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत तीस तासिका घेऊन संध्याकाळी साठ वह्या तपासल्या आहेत, त्यांना या आठ तासिकांची किंमत सांगायला नको.

संध्याकाळी शिकवण्या घेऊन भर घालू, असे मनात असेल तर आधी नियम पाहा. थायलंडचे वर्क परमिट ठरावीक मालकाच्या ठरावीक कामापुरते असते, बाहेर शिकवणी घेणे त्यात बसत नाही. अमिरातीत डिसेंबर २०२३ पासून खासगी शिकवणीसाठी स्वतंत्र परवाना मिळतो, म्हणजे तिथे ही वाट कायदेशीर आहे. भर घालण्याचा विचार असणाऱ्यांसाठी ही शारजाची खरी जमेची बाजू.

५. दोन्ही शाळांना एकच प्रश्नपत्रिका पाठवा

मी दोघांनाही एकाच दिवशी, शब्दही न बदलता, नऊ प्रश्न ईमेलने पाठवले. फोनवर विचारू नका, कारण फोनवरचे उत्तर उद्या तुमच्याकडे राहत नाही. प्रश्न असे होते:

- बेसिक किती, भत्ते किती, आणि पगार वर्षातील किती महिने?
- व्हिसा, वर्क परमिट, वैद्यकीय तपासणी यांचा खर्च कोणाचा?
- विमानाचे तिकीट जाण्याचे, येण्याचे की दोन्हींचे? वर्षाच्या शेवटी पैसे मिळतात की आधी?
- आठवड्याच्या तासिका किती, कोणत्या इयत्ता, वर्गात मुले किती?
- इंग्रजीव्यतिरिक्त विषय द्यावे लागतील का?
- राहण्याची सोय शाळेची की आपली? शाळेची असेल तर खोलीत कितीजण?
- आरोग्य विम्यात दवाखाना आणि रुग्णालयात भरती होणे दोन्ही येतात का?
- नोटिशीचा कालावधी किती आणि मध्येच सोडल्यास काही रक्कम भरावी लागते का?
- सध्या तिथे काम करणाऱ्या एका भारतीय शिक्षकाशी बोलता येईल का?

शेवटच्या प्रश्नाला आलेले उत्तर मी सर्वांत जास्त वजनाचे मानते. थायलंडच्या शाळेने दोन दिवसांत नवाच्या नऊ उत्तरे पाठवली आणि एका फिलिपिनो व एका भारतीय शिक्षिकेशी बोलणे करून दिले. शारजाहून सहाव्या दिवशी उत्तर आले, त्यात चार प्रश्नांपुढे "आल्यावर चर्चा करू" असे होते. ती शाळा वाईट असेलच असे नाही. तिथले कार्यालय कदाचित मार्चच्या परीक्षांच्या तयारीत बुडाले असेल. पण जी गोष्ट मी सांगलीत असताना लिहून मिळत नाही, ती मी तिथे पोचल्यावर, परतीचे तिकीट माझ्या खिशातून काढायचे असताना, लिहून मिळेल असे मला वाटत नाही.

६. सोडायची वेळ आली तर काय, ते आजच वाचा

अमिरातीत २०२१ च्या ३३ क्रमांकाच्या कायद्यानुसार प्रोबेशन सहा महिन्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. त्या काळात देश सोडून परतायचे असेल तर चौदा दिवसांची नोटीस पुरते. त्याच देशात दुसरीकडे जायचे असेल तर एक महिन्याची द्यावी लागते आणि भरतीचा खर्च नव्या मालकाने जुन्याला द्यायचा असतो. प्रोबेशननंतर नोटीस तीस ते नव्वद दिवसांची असते. पासपोर्ट मालकाने ठेवून घेणे तिथे बेकायदा आहे. "सगळ्यांचे आमच्याच कपाटात असतात" हे वाक्य ऐकू आले, तर पासपोर्ट परत मागताना संकोच करू नका. शाळेचे ऑफर लेटर आणि तिथल्या मनुष्यबळ मंत्रालयाचे अधिकृत ऑफर लेटर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्हींतले आकडे जुळलेच पाहिजेत, कारण वाद झाल्यास मंत्रालयाकडे नोंदलेलाच करार पाहिला जातो.

थायलंडमध्ये नोकरी सुटली की त्या नोकरीवर मिळालेली राहण्याची मुदतही संपते, म्हणून नवी शाळा ठरल्याशिवाय राजीनामा देऊ नये. दर नव्वद दिवसांनी पत्त्याची नोंद द्यावी लागते. गणपतीला घरी यायचे असेल तर निघण्याआधी री-एन्ट्री परमिट घ्यावे लागते, नाहीतर राहण्याची मुदत रद्द होऊन सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते.

७. कागदपत्रे: निवड होण्याआधीच जमवायला लागा

दोन्हीकडे साधारण हेच लागते: पुरेशी मुदत शिल्लक असलेला पासपोर्ट, पदवी व बी.एड.ची मूळ प्रमाणपत्रे, सर्व गुणपत्रिका, अनुभवाचे दाखले, पोलिसांचा चारित्र्य दाखला, वैद्यकीय दाखला, फोटो, आणि असल्यास १२० तासांचा टेफल किंवा सेल्टा हा इंग्रजी शिकवण्याच्या प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र. ऑनलाइन टेफल आणि सेल्टा यांना एका पारड्यात तोलू नका. सेल्टामध्ये प्रत्यक्ष वर्गात सहा तास शिकवून दाखवावे लागते, म्हणून त्याला मान जास्त आणि खर्चही जास्त.

आपल्या भागातले बहुतेकजण शिवाजी विद्यापीठाचे पदवीधर आणि त्यांतल्या अनेकांनी दीक्षान्त समारंभाचे पदवी प्रमाणपत्र कधी काढलेलेच नसते. तात्पुरते प्रमाणपत्र आणि गुणपत्रिकेवर इथली नोकरी मिळते, परदेशातली मिळत नाही. मी स्वतः दोन वेळा कोल्हापूरला गेले. त्यानंतर मंत्रालयातील साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचे, आणि अमिरातीसाठी त्यांच्या वकिलातीचा शिक्का, असा प्रवास असतो. परराष्ट्र मंत्रालय कागद थेट आपल्याकडून घेत नाही, त्याने नेमलेल्या संस्थांमार्फतच घेते. रात्रीची महालक्ष्मी धरून सकाळी मुंबईत उतरलात, तरी एका खेपेत काम होईल या भरवशावर राहू नका.

सर्वांत जास्त दिवस खाल्ले ते नावाने. माझ्या बी.एड.च्या प्रमाणपत्रावर माहेरचे आडनाव आधी, मग माझे नाव, मग वडिलांचे. पासपोर्टवर सासरचे आडनाव आणि पतीचे नाव. त्यात आईच्या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एका कागदावर डबल ओ आणि दुसऱ्यावर यू. विवाह नोंदणीचा दाखला आणि राजपत्रातील नावबदलाची प्रत जोडल्यावर हे मिटले, पण पाच आठवडे गेले. आज संध्याकाळीच तुमचे सगळे कागद एका ओळीत मांडून स्पेलिंग अक्षर न् अक्षर ताडून पाहा.

पोलिसांचा दाखला पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावरून मागवायचा असतो, सांगली-साताऱ्याचे काम पुणे पासपोर्ट कार्यालयाकडे जाते. तो फार आधी काढू नका, घेणाऱ्याला ताजाच हवा असतो.

८. रुजू होण्याची तारीख आयकराच्या चष्म्यातून पाहा

आर्थिक वर्षात भारतात १८२ दिवसांहून कमी राहून नोकरीसाठी परदेशी गेलात, तर त्या वर्षासाठी तुम्ही अनिवासी ठरता. एप्रिलमध्ये सुरू होणारी शारजातील भारतीय शाळा आणि मेमधले थायलंडचे पहिले सत्र, दोन्ही या हिशेबात बसतात. थायलंडचे दुसरे सत्र मात्र नोव्हेंबरमध्ये सुरू होते. तेव्हा निघालात तर त्या वर्षी तुम्ही निवासीच राहता आणि तिथला मार्चपर्यंतचा पगारही इथल्या विवरणपत्रात दाखवावा लागतो. अनिवासी झालात की बँकेतले बचत खाते एनआरओमध्ये, म्हणजे अनिवासींसाठीच्या खात्यात, बदलून घ्या.

९. होकार, नकार आणि इथला राजीनामा

होकार कळवताना सुधारलेल्या मुद्द्यांसह संपूर्ण करार पुन्हा मागवा. "ईमेलमध्ये ठरले आहे" एवढ्यावर थांबू नका; माझा अकरावा महिना मी करारातच लिहून घेतला. नकाराचे पत्र मात्र निवडलेली शाळा करार सही करून परत पाठवीपर्यंत रोखून ठेवा आणि मग त्याच दिवशी पाठवा. शारजाच्या मुख्याध्यापकांनी मला उलट शुभेच्छा दिल्या आणि पुढच्या वर्षी जागा निघाली तर कळवू असेही लिहिले.

सांगलीतल्या शाळेचा राजीनामा मी व्हिसा हातात आल्यावर दिला. त्यामुळे एक महिन्याची नोटीस आणि रुजू होण्याची तारीख यांच्यात चारच दिवस उरले. थायलंडच्या शाळेला आधीच विचारून ठेवले होते, की दोन दिवस उशीर चालेल का. त्यांनी चालेल असे लिहून दिले होते आणि ते ईमेल मी मूळ कागदांच्या फायलीत, हातातल्या बॅगेत ठेवले होते. सामानात टाकलेल्या बॅगेत कपडे आणि दोन किलो भडंग एवढेच होते.